पावसाळ्यातली केळी आणि सहा जाळ्यांचं वाळवणी यंत्र

श्रावण-भाद्रपदात आमच्या अर्धापूर पट्ट्यात केळीची कटिंग जोरात असते. व्यापारी लांब, बिनडागाचा माल उचलतो. वाकड्या, बारीक फण्या शेतातच राहतात, मग त्या घरी येतात आणि सगळ्या एकदम पिकतात. वाटायच्या तरी कुणाला? शेजाऱ्यांच्या घरीही केळीच.

म्हणून विजेवरचं वाळवणी यंत्र मागवलं, साडेपाच हजारांचं. एकावर एक बसणाऱ्या सहा गोल जाळ्या, बुडाला हीटर आणि पंखा, तापमान ३५ ते ७० अंश. सासूबाई म्हणाल्या, "ऊन फुकट असताना हे कशाला?" मे महिन्यापुरतं त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं. नांदेडला पारा ४२च्या वर गेला की गच्चीवर काहीही वाळतं. केसर आंब्याची पोळी मी अजूनही उन्हातच घालते, ताटाला तुपाचा हात लावून. यंत्रातली तशी चवीला उतरत नाही. शिवाय जाळीला मधोमध भोक, म्हणून पोळीलाही भोक. सासूबाई ती मनगटात घालून घरभर दाखवत फिरल्या.

पण केळी काही मे महिन्यासाठी थांबत नाहीत. पावसाळी हवेत काप बाहेर टाकले तर संध्याकाळी चिकट, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी. यंत्राचे पैसे वसूल होतात ते इथं.

साल पिवळी, ठिपके नुकते पडू लागलेले, पण दाबून बघितलं तर घट्ट, असं केळ घ्यायचं. लिचलिचीत झालेलं जाळीला असं धरतं की खरवडूनच काढावं लागतं. अर्धा सेंटीमीटर जाडीचे काप लिंबू पिळलेल्या पाण्यातून काढायचे, एकमेकांवर न येऊ देता मांडायचे आणि यंत्र ५७ ते ६० अंशांवर ठेवायचं. साधारण दहा तास लागतात. लिंबू नसेल तरी वाळतात, पण तपकिरी पडतात आणि मग पोरं हात लावत नाहीत.

पंखा खाली असल्यामुळं खालची जाळी आधी वाळते आणि वरची ओलीच राहते. मधूनमधून जाळ्या खालीवर करायच्या. सोबतच्या माहितीपत्रकात याचा उल्लेखही नाही, याला काय म्हणावं! गरम काप मऊच लागतो, म्हणून गार करून मग मोडून चिमटीत दाबायचा. ओल सुटली नाही म्हणजे झाला. काचेच्या बरणीत भरून आठवडाभर रोज हलवा. आतून काचेला दव दिसलं तर परत यंत्रात.

ही सुकी केळी चिवट आणि गोड लागतात, चघळत बसायची. उपवासालाही चालतात. बाजारातल्या वेफर्सचा कुरकुरीतपणा हवा असेल तर हे यंत्र घेऊ नका. ते कच्च्या केळ्याचे, तळलेले.

आता हिशोब. एका वेळी सोललेली दोनेक किलो केळी बसतात, त्यातून अर्धा किलोच्या आसपास हाती येतं. यंत्र २५० वॅटचं, म्हणजे दहा तासांना फार तर अडीच युनिट. वीस किलोचा एक घड संपवायला आठवडा जातो, तेव्हा यावर धंदा उभा करायची स्वप्नं बघू नका. आणि रात्री लाइट गेली की टायमर शून्यावर, परत आली तरी यंत्र आपणहून सुरू होत नाही. सकाळी अर्धओले काप वाट बघत बसलेले. एवढ्या किमतीत हे खटकतं.

चिकू मात्र यात झकास होतो, माझ्या मते केळ्याहूनही. पेरूचे पातळ काप बरे. मोसंबीच्या चकत्या सालीसकट वाळवल्या की दिसतात सुंदर, पण सालीचा कडूपणा जात नाही, घरात कुणी खात नाही.

सीताफळ यात घालूच नका. माझी बहीण धारूरला दिलेली, तिकडून दिवाळीच्या आधी टोपली येते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, चवीबद्दल बोलायलाच नको. पण गर जास्त तापला की कडवटतो. बिया काढून तो फ्रीजरमध्ये टाकावा, आणि दूध आटवून गार झाल्यावरच त्यात मिसळावा.