पाण्यातले धातू: ईएसआर करायचं की एनएमआर?

मिठी नदीचं किंवा ठाण्याच्या खाडीचं पाणी घेऊन धातूंवर प्रोजेक्ट करणार असाल, तर आधी हे बघा: तुमच्या आयनात अयुग्मित, म्हणजे जोडीदार नसलेला, इलेक्ट्रॉन आहे का? Mn²⁺, Cu²⁺ मध्ये असतो, म्हणून ते ईएसआरला (इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स: चुंबकीय क्षेत्रात असे इलेक्ट्रॉन मायक्रोवेव्ह शोषतात, ते टिपणारी पद्धत) दिसतात. जस्त, कॅडमियम, शिसं यांच्या नेहमीच्या आयनांत नसतो. तिथे ईएसआरचा स्लॉट घेऊन काहीच हाती लागणार नाही.

मँगनीज असेल तर डोळे झाकून ईएसआर घ्या. केंद्रकाचा स्पिन ५/२ असल्यामुळे सुट्या आयनाच्या सहा ठळक रेषा येतात. तोच आयन मोठ्या रेणूला घट्ट चिकटला की रेषा रुंदावून विरतात. म्हणजे सुटा किती आणि बांधलेला किती, हे रेषांच्या उंचीवरून काढता येतं. तांब्याची रेषा खोलीच्या तापमानाला पसरट येते. नमुना द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्विनला गोठवावा लागतो. नमुन्यात आधी थोडं ग्लिसरॉल घाला, नाहीतर बर्फ होताना आयन एका जागी गोळा होतात.

त्रास देतं ते पाणीच. सुमारे ९.५ गिगाहर्ट्झचे मायक्रोवेव्ह ते शोषून घेतं, त्यामुळे नेहमीच्या जाड ट्यूबने कॅव्हिटी (नमुना ठेवायची धातूची पोकळी) ट्यून होत नाही. केशनळी किंवा चपटा सेल मागा. खाडीचं खारं पाणी आणखी छळतं.

एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स: चुंबकीय क्षेत्रात अणूच्या केंद्रकांचा सिग्नल टिपणारी पद्धत) मला खरा आवडतो तो ॲल्युमिनियमसाठी. तुरटी टाकलेल्या पाण्यात ॲल्युमिनियम कुठल्या रूपात आहे, ते स्पष्ट दिसतं: सहा पाण्याच्या रेणूंनी वेढलेला आयन ० पीपीएमला, ॲल्युमिनियमच्या तेरा अणूंचा समूह ६३ च्या आसपास, अल्कलीतलं रूप ८० जवळ. (हे पीपीएम शिफ्टचे, म्हणजे सिग्नल कुठे येतो त्या जागेचे; सांद्रतेचे नव्हेत.) साध्या काचेतलं ॲल्युमिनियमही रुंद उंचवटा देतं, म्हणून क्वार्ट्झची ट्यूब वापरा.

शिशाचा एनएमआर होतो, पण पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि एनएमआरला त्याच्या हजारो पटींनी जास्त शिसं लागतं. ‘किती आहे?’ एवढंच हवं असेल तर सरळ आयसीपी-एमएसकडे (प्लाझ्मात आयन करून वस्तुमानावरून धातू मोजणारं यंत्र) जा.

पवईला आयआयटीच्या सैफमध्ये (अत्याधुनिक विश्लेषण उपकरणांचं केंद्र) ईएसआर आहे. उच्च क्षेत्राच्या एनएमआरची राष्ट्रीय सुविधा कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आहे. एनएमआर बुक करताना ब्रॉडबँड प्रोब (वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या केंद्रकांना जुळवता येणारा) मिळेल का, ते विचारा. आणि नमुना भरताना सवयीने नायट्रिक आम्ल टाकू नका. आयसीपीसाठी ते लागतंच, पण आम्ल पडलं की बांधलेला धातू सुटा होतो आणि जे रूप बघायचं तेच बदलतं. दोन बाटल्या भरा, आम्ल एकीतच घाला.