लिस्बनचा क्रूझ स्टॉप आणि ऑर्गॅनिक मॅप्स: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

क्रूझवर जायचं ठरलं तेव्हापासून हे अ‍ॅप माझ्या फोनमध्ये आहे. आधी घरी बसून प्लॅनिंगसाठी वापरलं, मग प्रत्यक्ष लिस्बनमध्ये, आणि परत आल्यावरही काढून टाकलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते, कारण जहाजातून उतरून एका दिवसात जुनं शहर बघायचं असेल आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर नकाशावर नेमकं काय बघायचं हे मला कुठे एका जागी वाचायला मिळालं नव्हतं.

आधी थोडक्यात. ऑर्गॅनिक मॅप्स फुकट आहे, जाहिराती नाहीत, लॉगिन नाही, आणि नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला. भागाभागाने डाउनलोड करून ठेवायचा, मग इंटरनेट नसलं तरी चालतं, फोन फ्लाइट मोडवर असला तरी जीपीएसने आपण कुठे आहोत ते दिसतं. क्रूझवर हे फार महत्त्वाचं आहे कारण समुद्रात फोन आपोआप जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल वेगळं आणि महाग असतं, त्यामुळे फ्लाइट मोड लावूनच ठेवावा लागतो.

आता खरी गोष्ट. सासूबाई मूळच्या मडगावच्या, लहानपणी शाळेत पोर्तुगीज शिकलेल्या, १९६१ च्या आधीचा गोवा त्यांना चांगला आठवतो. क्रूझच्या यादीत लिस्बन दिसलं तेव्हाच त्या म्हणाल्या, "बाकी काही दाखवू नका, पण हे गाव मला नीट बघायचंय." गुडघे दुखतात, सपाटीवर आरामात चालतात, पायऱ्या मात्र नको. आणि लिस्बन म्हणजे सगळं टेकड्यांवर वसलेलं! त्यामुळे मी "काय काय बघायचं" याची यादी बाजूला ठेवली आणि आधी उंची बघायला लागले.

इथे अ‍ॅपचा सगळ्यात मोठा उपयोग झाला. कंटूर लाइन्सचा लेयर चालू केला की समान उंचीच्या रेषा दिसतात, आणि पायी जायचा रूट लावला की खाली चढउताराचा ग्राफ येतो, किती मीटर चढ किती उतार ते. पायऱ्या रस्त्यापेक्षा वेगळ्या काढलेल्या असतात, झूम केलं की लगेच कळतात. लिस्बनवर हा लेयर लावला आणि शहराचा इतिहासच समोर आला असं वाटलं. दोन टेकड्यांच्या मध्ये एक सपाट पट्टा, त्यात पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते, हा बायशा. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात, त्यानंतरच्या त्सुनामीत आणि आगीत हा भाग गेला, मग तेव्हाचा मंत्री मार्केस द पोंबाल याने तो चौकटीत नव्याने बांधून घेतला. त्याच्या पूर्वेला अल्फामा, तिथे नुकसान तुलनेने कमी झालं म्हणून जुन्या वेड्यावाकड्या गल्ल्या आणि पायऱ्या अजून तशाच आहेत. आणि क्रूझ टर्मिनल बरोबर अल्फामाच्या पायथ्याशी, तेजो नदीवर. म्हणजे जहाजातून उतरलं की समोरच सगळं, पण सगळं वर.

बरेच जण उतरल्या उतरल्या अल्फामा चढायला लागतात. आम्ही उलटं केलं, लांबचं आधी आणि चढ लिफ्टने. बेलें हा शहराचा पश्चिमेकडचा भाग टर्मिनलपासून साधारण ८ किलोमीटर, नदीकाठाने, टर्मिनलजवळच्या सांता अपोलोनिया स्टेशनच्या बाजूने ७२८ नंबरची बस थेट जाते. मेट्रो बेलेंला जात नाही हे लक्षात ठेवा. बेलेंमध्ये जेरोनिमुश मठ, त्याच्या चर्चमध्ये वास्को द गामाचं थडगं आहे (तो वारला कोचीला, १५२४ मध्ये) आणि समोरच्या बाजूला कवी कामोइंशचं, जो स्वतः गोव्यात राहून गेला होता. सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या होत्या. शाळेत ज्यांची नावं पाठ करून घेतली ते दोघं एका छताखाली, आणि बाहेर जवळच आफोंसो द आल्बुकर्कचा उंच खांबावरचा पुतळा, ज्याने १५१० मध्ये गोवा घेतला. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही, पण त्या दिवसातला सगळ्यात जास्त वेळ मी याच जागेला दिला होता आणि ते बरोबर होतं असं आजही वाटतं. मठ सोमवारी बंद असतो, तुमचं जहाज सोमवारी लागणार असेल तर बेलेंचा प्लॅन आधीच बदला. जवळच १८३७ पासूनचं पाश्तेइश द बेलेंचं दुकान आहे, गरम कस्टर्ड टार्ट, वर दालचिनी भुरभुरायची, ते सोडू नका.

परत येऊन प्रासा दु कोमेर्सिउ, नदीला उघडा असलेला प्रचंड चौक, सगळं सपाट. तिथून वर जायला सरकारी फुकट लिफ्ट आहेत हे बहुतेकांना माहीतच नसतं. एक रुआ दुश फांकेइरुश या रस्त्यावरच्या इमारतीतून, मग थोडं चाललं की दुसरी शाओं दु लोरेइरु इथे सुपरमार्केटच्या इमारतीत, ती वर, अल्फामाच्या डोक्यावरच्या जुन्या किल्ल्याच्या उताराला नेऊन सोडते. दोन्ही मी आधीच पिन करून ठेवल्या होत्या, वेगळ्या रंगात. अ‍ॅपमध्ये पिनच्या लिस्ट करता येतात, माझ्या तीन होत्या, बघायचं, बसायचं आणि बाथरूम. तिसरी लिस्ट मोठी माणसं सोबत असतील तर पहिल्यापेक्षा कामाची.

प्लॅनिंग करताना, उतरताना काय करायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण गुडघ्यांना चढापेक्षा पायऱ्या उतरणं वाईट. नकाशावर बघता बघता लक्षात आलं की २८ नंबरची ट्राम ज्या रस्त्याने जाते तिथे पायऱ्या असणं शक्यच नाही. मग रुळांच्या कडेकडेने रूट लावला, पोर्ताश दु सोल आणि सांता लुझिया हे दोन व्ह्यू पॉइंट, मग से कॅथीड्रल, मग खाली काझा दुश बिकुश. सगळा उतार, एकही पायरी नाही. सांता लुझियाच्या भिंतीवर निळ्या टाइल्सची चित्रं आहेत, एकात भूकंपाआधीचा तो नदीकाठचा चौक, जिथून आम्ही नुकतेच आलो होतो. काझा दुश बिकुश म्हणजे टोकदार दगडांनी मढवलेलं घर, १५२३ मध्ये आल्बुकर्कच्या मुलाने बांधलेलं. तिथून जहाजापर्यंत सपाट रस्ता. ट्राममध्ये स्वतः बसायचा हट्ट आम्ही धरला नाही, तुडुंब असते आणि पाकीटमारांसाठी प्रसिद्ध आहे.

आता अ‍ॅपमध्ये काय मिळत नाही ते. बसचं टाइमटेबल नाही, ट्रॅफिक नाही, लोकांचे रिव्ह्यू नाहीत. मेट्रोचे रूट दाखवतं, बससाठी मात्र दुसरीकडे बघून नोट्समध्ये लिहून ठेवावं लागतं. उघडण्याच्या वेळा दिसतात पण त्या कुणीतरी भरलेल्या असतात, म्युझियमच्या स्वतःच्या साइटवर तपासा. ग्राफ चढ सांगतो, रस्ता कसला आहे ते त्यातून कळत नाही, आणि लिस्बनचे फुटपाथ म्हणजे छोट्या चुनखडीच्या तुकड्यांचे, पिढ्यान्‌पिढ्या झिजून गुळगुळीत झालेले, ओले असले की घसरतात. रबरी सोलचे बूट हवेतच. आणि अरुंद गल्ल्यांमध्ये जीपीएसचा ठिपका इकडेतिकडे उडतो, हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये होतं, तिथे रस्त्याच्या नावाच्या पाट्या वाचायच्या. सासूबाईंनी त्या मोठ्याने वाचून दाखवल्या, उच्चारासकट.

वेळेबद्दल एक गोष्ट ठळक लिहिते. पोर्तुगाल स्पेनच्या एक तास मागे आहे. आमचं जहाज स्पेनहून आलं होतं आणि जहाजाची घड्याळं स्पेनच्या वेळेवरच ठेवली होती, पण फोनला नेटवर्क मिळालं की तो स्वतःहून लिस्बनची वेळ दाखवतो. फोनवर ४ वाजले म्हणजे जहाजावर ५! स्वतः फिरणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. म्हणून मनगटावरचं साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा, फोनचा ऑटोमॅटिक टाइम बंद करा, आणि परतायची वेळ सुटण्याच्या वेळेवरून नाही तर "ऑल अबोर्ड"च्या, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परत असायच्या वेळेवरून मोजा. व्हिसाचंही आधीच बघा, मधे मोरोक्को किंवा ब्रिटनचं बंदर असेल तर युरोपचा शेंगेन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा, म्हणजे पुन्हा आत येऊ देणारा लागतो, कारण तुम्ही बाहेर जाऊन परत येता.

आणि सकाळी लवकर उठा, जहाज नदीत शिरताना डेकवर जा, डाव्या बाजूला. बेलेंचा मनोरा आधी दिसतो, मग शोधयात्रींचं स्मारक, मग १९६६ चा "२५ एप्रिल" नावाचा पूल डोक्यावरून जातो, गाड्यांचा घूं घूं आवाज खालपर्यंत ऐकू येतो. उजव्या हाताच्या काठावर क्रिस्तु रेइ, म्हणजे येशूचा उंच पुतळा. नकाशा उघडून हातात धरला तर एकेक पिन समोर येत जाते.

परत आल्यावर कोकणात फिरतानाही हेच वापरते, नेटवर्क नसलेल्या घाटात तर फारच, आणि आमच्या सोसायटीचं मागचं गेट नकाशात नव्हतं ते मी अ‍ॅपमधूनच टाकलं. लिस्बनच्या पिनची लिस्ट फाइल करून मैत्रिणीला पाठवली, तिने तिच्या फोनमध्ये उघडली, रंगांसकट आली. फक्त निघायच्या आदल्या दिवशी घरच्या वायफायवर नकाशे अपडेट करून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाकून एकदा रूट लावून बघा, पोर्तुगालचा बरोबर तोच भाग उतरलाय ना याची खात्री होते.