मीटर पॅनेलच्या धुरकट काचांसाठी नोव्हस पॉलिश: कुठे चालतं, कुठे नाही

ट्रॉलरच्या केबिनमधल्या मीटर पॅनेलने काही हंगाम ऊन आणि खारं वारं खाल्लं की काचा धुरकट होतात. ऑइल प्रेशरचा काटा बघायला तांडेलाला वाकावं लागतं, आणि इंजिन वाचवायचं तर नेमका तोच काटा सुकाणूवरून सहज दिसायला हवा. अशा वेळी नवे मीटर मागवण्याआधी नोव्हसचं प्लास्टिक पॉलिश जरूर वापरून बघावं. मात्र ते प्रत्येक काचेसाठी नाही.

संचात तीन बाटल्या येतात. ३ नंबर खोल चऱ्यांसाठी, २ नंबर बारीक चरे आणि धुरकटपणासाठी, १ नंबर शेवटच्या सफाईसाठी. प्रत्येकी ५९ मिलीचा छोटा संच पाच-सहा मीटरच्या पॅनेलला पुरून उरतो.

आधी काच कसली आहे ते ओळखा. नखाने टिचकी मारली की खरी काच टणक वाजते आणि हाताला थंड लागते; प्लास्टिकचा आवाज बोदा येतो. खऱ्या काचेच्या मीटरवरचा धुरकटपणा बहुतेक वेळा आतल्या दमटपणाचा असतो, कडेचं रबर गेलेलं असतं. तिथे बाहेरून कितीही घासा, उपयोग शून्य. वर संरक्षक थर दिलेल्या प्लास्टिकवरही हे पॉलिश वापरू नये, कारण थर निघाला की काच आणखी लवकर खराब होते. साध्या अ‍ॅक्रिलिकवर मात्र निकाल फार छान मिळतो. अ‍ॅक्रिलिकच्या आत जाळीसारख्या भेगा पडल्या असतील तर त्या पॉलिशने जात नाहीत. ती काच बदलायचीच.

दुसरी तपासणी काट्याची. मेलेल्या मीटरची काच चकाकवून काय करणार? चावी ऑन करून मागची सेंडरची (इंजिनवर बसून मीटरला माप पाठवणाऱ्या भागाची) तार सोडवा. व्हीडीओ (VDO) या युरोपियन बनावटीच्या पद्धतीच्या तापमान मीटरचा काटा खाली, थंडकडे राहायला हवा. तीच तार क्षणभर इंजिनच्या बॉडीला टेकवली की पूर्ण गरमकडे जायला हवा. ऑइल प्रेशरचं उलट असतं. तिथे सेंडर १० ते १८० ओहमचा (ओहम म्हणजे विजेच्या अडथळ्याचं माप), दाब वाढला की ओहम वाढतात. म्हणून तार सोडली की काटा वर चढतो, टेकवली की शून्यावर येतो. अमेरिकन पद्धतीचा प्रेशर सेंडर २४० ते ३३ ओहमचा आणि उलट्या दिशेने चालणारा असतो, तेव्हा मीटर आणि सेंडर एकाच जोडीचे आहेत ना, हे बघा. काटा नीट हलला तर दोष सेंडरमध्ये, तारेत किंवा अर्थिंगमध्ये आहे.

आता काम. बॅटरीची निगेटिव्ह काढा, मागच्या तारांचा फोटो घ्या, प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधा. मीटर बाहेर काढून काच गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने ओल्या फडक्याने पुसा. ही पायरी कधीच गाळू नका: सुकलेल्या मिठाचे कण काचेवर राहिले तर पॉलिश करताना तेच नवे चरे पाडतात. नख अडकेल इतका खोल चरा असेल तर १०००, १५००, २००० असा पाणकागद पाण्यासह चढत्या क्रमाने फिरवा. मग ३ नंबर चऱ्याला काटकोनात, २ नंबर गोलाकार, शेवटी १ नंबर. ५२ मिमीच्या मीटरला २ नंबर अर्धा चमचा पुरतं. प्रत्येक नंबरला वेगळं, मऊ सुती फडकं हवं. एकच वापरलं तर ३ नंबरची खर शेवटपर्यंत काचेवर फिरत राहते. ड्रिलला बफ लावू नका, उष्णतेने अ‍ॅक्रिलिक मऊ होऊन काच लहरते. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांचा तर थेंबही नको, त्यांनीच भेगा पडतात.

पॅनेलच्या छापील अक्षरांना आधी मास्किंग टेप लावा. ३ नंबर अक्षरं पुसून टाकतो आणि मग कुठला दिवा कशाचा हे कळत नाही. पांढरी भुकटी सुटलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला या संचाचा काही उपयोग नाही. तिथे नवी पट्टी कापणं स्वस्त पडतं.

टूथपेस्टने काच थोडी उजळते, पण बारीक धूसरपणा राहतो आणि उन्हाची तिरीप पडली की काटा पुन्हा दिसेनासा होतो. २ नंबरनंतर तसं होत नाही. पैसे इथेच वसूल होतात.

पॅनेल उघडलंच आहे तर मागची बाजूही करून घ्या. तांब्यावर हिरवट थर दिसला तर तार चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. थर आवरणाखालूनही बराच आत गेलेला असतो. कथिल चढवलेली तार, नवी थिंबल (तारेच्या टोकाची धातूची टोपी) आणि आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह वापरा. सगळ्या मीटरची अर्थिंग एकातून दुसऱ्यात फिरवलेली असेल तर एक ढिला नट सगळ्यांचं वाचन बिघडवतो. पॅनेलचे दिवे लावल्यावर काटे सरकले तर आधी अर्थिंग बघा. अल्टरनेटर बदललेला असेल तर त्याच्या डब्ल्यू टर्मिनलवरून (फेऱ्यांचा सिग्नल देणाऱ्या जोडणीवरून) चालणारं आरपीएम मीटर पुन्हा जुळवावं लागतं, कारण पुलीचं माप आणि अल्टरनेटरच्या आतल्या चुंबकीय पोलची संख्या बदललेली असू शकते.

एक उणीव नक्की आहे: या पॉलिशचा उन्हापासून बचाव म्हणून भरवसा धरता येत नाही. जून-जुलैच्या बंदीत बोट शाकारताना पॅनेल झाकलं जातं, पण खरं ऊन हंगामात लागतं. बंदराला लागल्यावर पॅनेलवर जाड कापडाचं झाकण टाकलंत, तर ३ नंबरची बाटली पुन्हा क्वचितच उघडावी लागेल.