रिव्ह्यू करायला शिकायचं कुठे: गाइडकडे, कोर्समध्ये की प्रीप्रिंटवर?

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी एका जर्नलचा पेपर पहिल्यांदा रिव्ह्यूसाठी, म्हणजे छापण्याआधी तपासायला, हातात आला आणि मी दोन पानं भरून व्याकरणाच्या चुका काढल्या. माझ्या गाइड मॅडमनी ती पानं बाजूला ठेवली. पेपरातलं पहिलं आणि तिसरं टेबल शेजारी शेजारी धरून म्हणाल्या, "इथे ६० रुग्ण आहेत, तिथे ५२. मधले आठ कुठे गेले?" त्याचं उत्तर पेपरात कुठेच नव्हतं, आणि मला तो प्रश्न सुचलाही नव्हता.

म्हणून माझा कौल गाइडकडे शिकण्याला. आधी आपण रिव्ह्यूचा रिपोर्ट लिहायचा, मग त्यांचा वाचायचा. आपल्याला काय दिसलं नाही ते तिथेच कळतं. बरीच जर्नल्स निर्णय झाल्यावर बाकीच्या रिव्ह्यूअरचे रिपोर्टही पाठवतात, तेही मागून घ्या. पण यात एक खोट आहे आणि ती लहान नाही. २०१९ साली ईलाइफ या जर्नलमध्ये तरुण संशोधकांची एक पाहणी आली होती. त्यातल्या जवळपास निम्म्या जणांनी दुसऱ्याच्या नावावर रिव्ह्यू लिहून दिला होता आणि एडिटरला त्यांचं नावही कळवलं गेलं नव्हतं. हा अन्याय आहेच, शिवाय एडिटरला न विचारता पेपर विद्यार्थ्याच्या हाती देणं हा गोपनीयतेचाही भंग आहे.

ऑनलाइन कोर्स फुकट मिळतात. एल्सव्हिअरच्या रिसर्चर अकॅडमीत आहेत, वेब ऑफ सायन्स अकॅडमीतही आहेत. रिपोर्टची मांडणी, हितसंबंध कधी जाहीर करायचे, एडिटरला वेगळं काय लिहायचं, हे तिथे नीट समजतं. नजर मात्र त्याने तयार होत नाही. बीएमजे या वैद्यकीय जर्नलने सहाशेहून अधिक रिव्ह्यूअर घेऊन प्रयोग केला होता: काहींना कार्यशाळा, काहींना घरी शिकायचं साहित्य, काहींना काहीच नाही. पेपरांत मुद्दाम नऊ मोठ्या चुका पेरल्या होत्या. सुरुवातीला सरासरी तीनही सापडल्या नाहीत, आणि प्रशिक्षणानंतरही फरक थोडाच पडला. कोर्स जरूर करा, पण सर्टिफिकेट मिळालं म्हणजे शिकून झालं असं समजू नका.

गाइडना वेळच नसेल, किंवा ते एडिटरला तुमचं नाव द्यायला तयार नसतील, तर प्रीप्रिंट, म्हणजे जर्नलमध्ये छापून येण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर. बायोआर्काइव्ह किंवा मेडआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या साइट्सवरचा पेपर सगळ्यांसाठी खुला असतो, त्यामुळे निमंत्रण लागत नाही आणि गोपनीयतेचा प्रश्न येत नाही. प्रीरिव्ह्यू या प्रीप्रिंटचे रिव्ह्यू लिहायच्या साइटवर टोपणनावानेही लिहिता येतं. मोठ्या लॅबच्या पेपरात चूक दाखवताना याचा फार आधार वाटतो. अडचण इतकीच की आपला रिपोर्ट तपासायला कुणी नसतं. त्यावर मी एक उपाय करते. ईलाइफ आणि बीएमजे रिव्ह्यूअरचे रिपोर्ट छापतात. तिथला एखादा पेपर घ्यायचा, त्याची प्रीप्रिंट आवृत्ती काढायची, रिपोर्ट न उघडता आपला लिहायचा आणि मग दोन्ही ताडून पाहायचे.

गाइडकडे जाणार असाल तर पेपर उघडण्याआधी एवढं विचारा: "सर, मी हा तुमच्यासोबत वाचतेय, हे एडिटरला माझ्या नावानिशी कळवाल का?"