विचर ३ चं हार्ट्स ऑफ स्टोन: ठरलेलं लग्न मोडलं तिथून सगळं बिघडलं

स्पॉयलर भरपूर आहेत, खेळलं नसेल तर आधी खेळून या.

सीडी प्रोजेक्ट रेड या पोलंडच्या कंपनीने विचर ३ या व्हिडिओ गेमचं हे एक्सपान्शन (मेन गेमला जोडून येणारी वेगळी स्टोरी) ऑक्टोबर २०१५ मधे काढलं आणि माझ्या मते स्टोरीत हे मेन गेमला पण मागे टाकतं. मेन गेमचा व्हिलन एरेडिन म्हणजे नुसतं चिलखत, आत माणूस दिसतच नाही. इथे मात्र ओल्गिएर्ड आहे. आधी वाटतं की लुटारूंचा माजलेला म्होरक्या, कशाचीच फिकीर नाही, मरत पण नाही. मग तुकड्यातुकड्याने कळत जातं की याचं आयरिसशी लग्न ठरलेलं, पण याच्या घरचा पैसा बुडाला आणि तिच्या आईबापांनी लग्न मोडून दुसरं स्थळ बघितलं, ते पण थेट ओफिर नावाच्या दूरच्या देशाचा राजपुत्र. आता आपल्याकडच्या कुणालाही यात वेगळं काय असं वाटेल 😅 पण हा पठ्ठ्या गॉन्टर ओडिमशी, म्हणजे इच्छा पुरवून बदल्यात किंमत वसूल करणाऱ्या सैतानासारख्या माणसाशी, सौदा करून बसतो, पैसा परत येतो, आयरिस मिळते, आणि बदल्यात सख्खा भाऊ व्लोदिमिर जातो. वर काळीजच दगडाचं होतं, म्हणजे जिच्यासाठी एवढं केलं तिच्यावर प्रेमच करता येत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते राजपुत्राचं. ओल्गिएर्डच्या शापाने तो बेडूक होतो आणि ऑक्सनफर्ट शहराच्या गटारात आपणच त्याला मारतो, कोण होता ते नंतर कळतं. नकार दिला सासऱ्याने आणि भोगलं त्या पोराने, म्हणून मला ओल्गिएर्डची दया येते पण माफ करवत नाही, आणि गेम पण तशी जबरदस्ती करत नाही.

आयरिसच्या चित्रातल्या जगाचा भाग सर्वात भारी. तिच्या आठवणींमधे वस्तू जागेवर ठेवत गेलं की पुढचा प्रसंग उघडतो आणि संसार कसा गार पडत गेला ते दिसतं, कोणी लेक्चर देत नाही. व्लोदिमिरचं भूत गेराल्टच्या (आपण ज्याला खेळवतो तो हिरो) अंगात शिरून त्याच्या मैत्रिणीबरोबर, शानीबरोबर, एका लग्नात धिंगाणा घालतं ते पण मस्त, त्याशिवाय हे सगळं फार जड झालं असतं.

तक्रारी आहेत. केअरटेकर नावाचा बॉस (मोठा शत्रू) आपल्याला मारून स्वतःची हेल्थ भरतो, डोकं फिरतं. रूनराइट (शस्त्रांवर जादूची अक्षरं कोरून देणारा कारागीर) पूर्ण अपग्रेड करायला ३० हजार क्राउन (गेममधले पैसे) लागतात, म्हणजे गोळा केलेल्या सगळ्या तलवारी विका. लेव्हल ३२ च्या आसपास असाल तरच हात घाला.

शेवटी ओडिमशी कोडं खेळून ओल्गिएर्डला त्या सौद्यातून वाचवा. तलवार मिळते, तिचं नावच आयरिस आहे.