आप्रमाँ: डोंगराच्या पायथ्याची व्हाइट वाइन, अकरा महिन्यांनंतर

मागच्या ऑक्टोबरात ग्रनोब्लहून शाँबेरीकडे जाताना रस्त्यालगतच्या एका शेतकऱ्याकडून बारा बाटल्यांचं खोकं उचललं. सहा आप्रमाँ, दोन आबीम, दोन रुसेत आणि दोन शिन्याँ-बेर्जरों. सगळ्या सावुआच्या, म्हणजे आल्प्सच्या फ्रेंच बाजूच्या व्हाइट वाइन. त्यानंतर आणखी दोन खोकी आणली. म्हणून हे पहिल्या घोटाचं मत नाही. थंडी, वसंत, उन्हाळा असे सगळे ऋतू ही वाइन माझ्या जेवणाच्या टेबलावर राहिली आहे.

आप्रमाँ आणि आबीम ही गावांची आणि परिसराची नावं. द्राक्ष एकच, जाकेर, आणि सावुआत सगळ्यात जास्त लागवड याच जातीची. उशिरा पिकतं, साखर कमी धरतं, आंबटपणा टिकवतं. त्यामुळे वाइनमध्ये अल्कोहोल जेमतेम 11 ते 11.5 टक्के. रंग जवळजवळ पाण्यासारखा, कडेला किंचित हिरवट झाक. वास हिरव्या सफरचंदाचा, लिंबाच्या सालीचा, आणि पहिल्या पावसात ओल्या झालेल्या दगडाचा. जिभेवर बारीक चुरचुर जाणवते, कारण बाटली भरताना थोडा वायू वाइनमध्येच राहू देतात. हा दोष समजू नका.

दगडाचं म्हणालो त्यामागे कारण आहे. या बागांच्या डोक्यावर ग्रानिए नावाचा 1933 मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. नोव्हेंबर 1248 मध्ये एका रात्री त्याची एक बाजू कोसळली आणि पायथ्याची गावं माणसांसकट गाडली गेली. दरड म्यां गावच्या देवळाच्या उंबऱ्याशी येऊन थांबली, तिथल्या काळ्या मातेने, म्हणजे मेरीच्या काळ्या मूर्तीने, ती थांबवली, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. आजच्या बागा त्याच चुनखडीच्या ढिगाऱ्यावर उभ्या आहेत. वेलींच्या रांगांमध्ये घराएवढे धोंडे तसेच पडलेले दिसतात. मी तिथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा बराच वेळ बोलवलं नाही.

आता वापराचं. पहिले दोन महिने मी ही वाइन चुकीची प्यायलो. फ्रिजमधून काढली की थेट ग्लासात. चार-पाच अंशांवर तिला वासच नसतो, फक्त आंबट धार लागते. नाताळच्या सुमारास एकदा बाटली टेबलावर विसरली, वीस मिनिटांनी ओतली, आणि तेव्हा कळलं की आपण इतके दिवस काय गमावत होतो. तेव्हापासून नियम ठरला. आप्रमाँ आणि आबीम 8 ते 10 अंशांवर, रुसेत आणि बेर्जरों 11-12 वर. ग्लास मधल्या आकाराचा, तोंडाशी निमुळता, आणि एक तृतीयांशच भरायचा. भरलेला ग्लास गप्पांमध्ये कोमट होतो, आणि कोमट जाकेर अगदीच पाणचट लागते. घाई असेल तर बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घातलेल्या बादलीत बाटली बुडवा, पंधरा मिनिटं पुरतात. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन दिवस चांगली राहते. तिसऱ्या दिवशी ती मी स्वयंपाकात वापरतो.

दोन तक्रारी. जानेवारीत एका बाटलीच्या तळाशी काचेच्या कणांसारखं काही चमकलं. घाबरून मी ती वाइन ओतून दिली. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे खडे होते. थंडीत ते तळाशी बसतात आणि पूर्ण निरुपद्रवी असतात. बाटली फुकट गेली याचं अजून वाईट वाटतं. दुसरी बाटली मात्र खरोखर खराब निघाली. ओल्या पुठ्ठ्याचा वास, फळाचा मागमूस नाही. हा बुचातून आलेला दोष, बाटली हवेत ठेवून जात नाही. ती बदलून मिळाली नाही. म्हणून आता पावती जपून ठेवतो.

इकडे ही वाइन बहुतेक लोक फाँद्यूसोबत, म्हणजे पाव बुडवून खायच्या वितळलेल्या चीजसोबत, पितात, आणि ते अगदी बरोबर आहे. बोफोर आणि काँते ही चीज किसून, लसूण चोळलेल्या भांड्यात वाइनवर मंद आचेवर वितळवायचं. चौघांना 800 ग्रॅम चीज आणि सुमारे 35 ते 40 सेंटिलिटर वाइन. इथे वाइनचा आंबटपणा नुसत्या चवीचा राहत नाही. त्यातलं आम्ल चीजमधल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून प्रथिनांच्या गुठळ्या होत नाहीत. गोडसर, कमी आंबट वाइनने केलेला माझा पहिला फाँद्यू रबरासारखा झाला होता. आप्रमाँने तो रेशमासारखा उतरला. रब्लोशाँ चीज आणि बटाटे घालून भाजलेल्या तार्तिफ्लेतसोबतही ती छान जाते, तुपकट जड घास धुऊन काढते.

पण मला ती सगळ्यात जास्त आवडली ती घरच्या जेवणासोबत. इथली ट्राउट रवा लावून, कमी तिखटात तव्यावर परतली, तर जाकेरइतकी जुळणारी वाइन मी अजून प्यायलेलो नाही. बुर्जे तळ्याचे लोकही आपले मासे तिच्याबरोबरच खातात. सुरळीची वडी, लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ, शेंगदाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, सगळं जमतं. अल्कोहोल कमी असल्यामुळे हिरव्या मिरचीची हलकी आचही ती सोसते. ठेच्यासमोर मात्र कोणतीच वाइन टिकत नाही. आणि चिंचगुळाची आमटी किंवा सोलकढी पानात असेल तर बाटली उघडू नका. जेवणाचा आंबटपणा वाइनपेक्षा वरचढ झाला की वाइन मेल्यासारखी लागते. हे मी चार वेळा करून पाहिलंय.

बेर्जरोंचा बाज वेगळा. ती शिन्याँ गावची, द्राक्ष रुसान. जर्दाळू, मध, भरदार अंग, अल्कोहोल 13 टक्क्यांच्या आसपास. नारळाच्या दुधातलं चिकन केलं की मी तीच उघडतो. रुसेत आल्तेस द्राक्षाची. ती पाच-सहा वर्षं ठेवता येते आणि तिला हळूहळू बदामाची चव येते असं सांगतात, म्हणून एक बाटली ठेवून दिली आहे. आप्रमाँ ठेवू नका. दोन-तीन वर्षांच्या आत संपवा.

सप्टेंबरात अण्णा आले. दिंडोरीला आमची सहा एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे, ऑक्टोबर छाटणीच्या आत त्यांना परतायचं होतं. त्यांनी ग्लास ओठाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "हे मुद्दाम इतकं आंबट ठेवतात का रे?"

मी म्हटलं, "अण्णा, आधी बाग बघा."

काढणी चालू होती. त्यांनी सवयीने खिशातून साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, मालकाला विचारून एक मणी चिरडला, उजेडाकडे धरून पाहिलं. मग मातीत बोट घातलं. माती कसली, नुसता चुना आणि गोटे. उंची ऐकून त्यांना नवल वाटलं. या बागा 300-400 मीटरवर आणि आपली दिंडोरी 600 च्या आसपास. "मग डोंगरची वाइन कशाला म्हणायचं?" मी त्यांना वरचा कडा दाखवला. इथे रात्री त्या डोंगरावरून गार हवा खाली उतरते, वर्षाला एकच पीक येतं आणि हिवाळ्यात वेल पूर्ण झोपते. आपण मात्र वर्षातून दोनदा, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची, छाटणी करून वेलीला जागं करतो. अण्णा म्हणाले, "म्हणजे ही साखरेच्या मागे लागलेली बाग नाही. आंबट जपणारी बाग आहे."

अकरा महिन्यांत मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

त्या रात्री ट्राउट केली, बाटली वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवली. अण्णांनी दुसऱ्यांदा अर्धा ग्लास मागून घेतला. मी आठ-नऊ युरोला मिळणारी इतकी प्रामाणिक वाइन दुसरी पाहिलेली नाही. पुढच्या खोक्यात आठ आप्रमाँ घेणार, आबीम नाही, फरक मला लागत नाही. बेर्जरों चार.