शाश्वत शेतीवरील संशोधन: अधिछात्रवृत्ती घ्यावी की प्रकल्प अनुदान? पीएच.डी.च्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांसाठी तुलनात्मक आढावा

पदव्युत्तर पदवी हाती आली आणि पीएच.डी.साठी जमिनीचे आरोग्य, भरडधान्ये, पाण्याचा वापर किंवा अन्नाची नासाडी यांपैकी एखादा विषय मनात पक्का झाला की विद्यार्थी पैशाच्या शोधाला लागतो आणि समोर येणाऱ्या प्रत्येक योजनेला ‘स्कॉलरशिप’ म्हणू लागतो. प्रत्यक्षात यांतल्या बहुतेक योजना संशोधकाच्या उदरनिर्वाहासाठी, म्हणजे अधिछात्रवृत्ती (फेलोशिप), आहेत आणि फार थोड्या योजना प्रयोगाच्या खर्चासाठी, म्हणजे प्रकल्प अनुदान, आहेत. अर्ज करण्यापूर्वी हा भेद समजून घेतला नाही, तर दरमहा खात्यात पैसे जमा होत असूनही माती परीक्षणाचे बिल भरता येत नाही, अशी वेळ तिसऱ्या वर्षी येते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अधिछात्रवृत्तीचा हिशेब मांडला की हे स्पष्ट दिसते. १ जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार कनिष्ठ अधिछात्राला पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि ज्येष्ठ झाल्यावर पुढची तीन वर्षे दरमहा ४२,००० रुपये मिळतात, म्हणजे घरभाडे भत्ता वगळूनही पाच वर्षांत ही रक्कम २४ लाख रुपये होते. मध्यमवर्गीय किंवा शेतकरी घरातल्या मुलामुलींना पूर्णवेळ संशोधन करता येते ते या रकमेमुळेच, आणि तिचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु याच योजनेत विज्ञान शाखेसाठी आकस्मिक खर्चाचा निधी पहिली दोन वर्षे प्रत्येकी १२,००० रुपये आणि पुढे प्रत्येकी २५,००० रुपये आहे. पाच वर्षांचे मिळून ९९,००० रुपये होतात. सामाजिक शास्त्रांसाठी ही बेरीज ८१,५०० रुपयांवर थांबते. याच निधीतून पुस्तके, रसायने, प्रवास, छपाई आणि नमुन्यांची तपासणी भागवावी लागते.

आता शेतातला एक साधा प्रयोग डोळ्यांसमोर आणावा. सात उपचार (तुलना करायच्या सात वेगवेगळ्या पद्धती) आणि प्रत्येकाच्या तीन पुनरावृत्त्या धरल्या तर एकवीस वाफे होतात. प्रत्येक वाफ्यातून पेरणीपूर्वी आणि काढणीनंतर, दोन खोलींवरून मातीचे नमुने घेतले तर एका हंगामाचे चौऱ्याऐंशी आणि दोन खरिपांचे एकशे अडुसष्ट नमुने होतात. प्रत्येक नमुन्यात सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध नत्र, स्फुरद व पालाश एवढेच पाहायचे म्हटले तरी सहाशे बहात्तर चाचण्या कराव्या लागतात, आणि त्यांत सूक्ष्म अन्नद्रव्ये किंवा जमिनीतील सूक्ष्मजीवांचा अभ्यास अजून आलेलाच नाही. विभागाची प्रयोगशाळा सुसज्ज असेल आणि चाचण्या स्वतःच्या हाताने करता येत असतील तर हे निभावते. बाहेरच्या प्रयोगशाळेत शुल्क भरून करायचे असेल तर आकस्मिक निधीत ते बसवणे कठीण आहे. म्हणून अधिछात्रवृत्ती मिळवू पाहणाऱ्याने रकमेच्या आधी मार्गदर्शकाच्या विभागात कोणती उपकरणे चालू स्थितीत आहेत याची चौकशी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कृषी पदवीधरांची आणखी एक गल्लत होते. आयोगाची अधिछात्रवृत्ती ज्या नेट (राष्ट्रीय पात्रता) परीक्षेतून मिळते, तिच्या विषयांत कृषिविद्या किंवा मृदाशास्त्र नाही. तिथे पर्यावरणशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, गृहविज्ञान असे विषय आहेत. शेतमालाची बाजारव्यवस्था, आहारातील बदल किंवा शेतकरी गटांचे समाजशास्त्र अभ्यासू पाहणाऱ्यांना ही वाट खुली आहे. कृषी वैज्ञानिक निवड मंडळाची नेट परीक्षा ही वेगळी परीक्षा असून ती सहायक प्राध्यापकपदाची पात्रता देते, अधिछात्रवृत्ती देत नाही. ज्यांना शेतातल्या प्रयोगावरच पीएच.डी. करायची आहे, त्यांच्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषदेची अखिल भारतीय स्पर्धा परीक्षा अधिक सरळ आहे, कारण तिच्यातून कृषी विद्यापीठातील प्रवेश आणि अधिछात्रवृत्ती या दोन्ही गोष्टी जोडीने हाती येतात. तिची मुदत मात्र तीन वर्षांची असते, आणि शाश्वत शेतीच्या विषयात तीन वर्षे झपाट्याने संपतात. प्रवेशाची प्रक्रिया पावसाळ्यानंतर पूर्ण झाली तर पहिला खरीप हातचा गेलेला असतो, दुसऱ्या खरिपापर्यंत अभ्यासक्रमाचे विषय चालू असतात आणि प्रयोगासाठी जेमतेम दोन हंगाम उरतात.

विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर अधिछात्रवृत्ती कृषी आणि पशुवैद्यक शाखांनाही लागू आहे, पण तिचे दार अरुंद आहे. पदव्युत्तर परीक्षेत विद्यापीठात पहिला क्रमांक असणे किंवा आधीपासून इन्स्पायर शिष्यवृत्तीधारक असणे, असा तिचा मुख्य निकष आहे. ज्यांना तो लागू होतो त्यांनी दुसरा विचार न करता अर्ज करावा.

राज्याच्या पातळीवर अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत. त्या व्यक्तीच्या सामाजिक प्रवर्गाशी जोडलेल्या असल्याने विषयाचे बंधन फारसे नसते, आणि पीएच.डी.ची नोंदणी आधीच झालेल्या विद्यार्थ्याला त्या उपयोगी पडतात. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोली येथे नोंदणी करून बसलेल्या आणि राष्ट्रीय परीक्षेत थोडक्यात हुकलेल्या विद्यार्थ्यासाठी ही मोठी आशा आहे. मात्र जागा मर्यादित असतात, आणि पैसे नोंदणीच्या तारखेपासून मिळावेत की निवडीच्या तारखेपासून, या प्रश्नावर विद्यार्थ्यांना आंदोलनेही करावी लागली आहेत. त्यामुळे चालू वर्षाच्या जाहिरातीत या तारखेविषयी जे वाक्य असेल त्याचा अर्थ नीट लावूनच पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज करावी. एकाच काळात दोन अधिछात्रवृत्त्या घेता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

या सगळ्यांहून अगदी निराळा नमुना अमेरिकेत दिसतो, आणि महाराष्ट्रातील कृषी पदवीधर तिथे उच्च शिक्षणासाठी जात असल्यामुळे त्याची तुलना इथे करणे आवश्यक वाटते. १९८८ साली सुरू झालेला आणि तिथल्या कृषी खात्याच्या पैशावर चालणारा ‘सेअर’ हा शाश्वत शेतीचा कार्यक्रम देशाचे चार प्रदेश पाडून काम करतो, आणि प्रत्येक प्रदेश पदव्युत्तर व पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना स्वतंत्र प्रकल्प अनुदान देत आला आहे. प्रदेशानुसार त्याची मर्यादा साधारणपणे १५,००० ते ३०,००० डॉलरच्या दरम्यान राहिली आहे. ही रक्कम विद्यापीठामार्फत येते, मार्गदर्शक प्राध्यापकाचे नाव अर्जात जोडलेले असते आणि ती ठरावीक प्रयोगासाठीच असते. आपले विद्यापीठ कोणत्या प्रदेशात मोडते हे आधी पाहावे लागते: आयोवाचा विद्यार्थी उत्तर-मध्य प्रदेशात, टेक्सासचा दक्षिणेत आणि कॅलिफोर्नियाचा पश्चिमेत अर्ज करतो. त्याच कृषी खात्याची पीएच.डी.च्या उत्तरार्धासाठी असलेली मोठी अधिछात्रवृत्ती मात्र अमेरिकी नागरिक व कायम निवासी यांच्यापुरतीच आहे, म्हणून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांनी तिच्या मागे वेळ घालवू नये.

दोन्ही पद्धतींतील खरा फरक रकमेपेक्षा निवडीच्या रीतीत आहे. आपल्याकडच्या राष्ट्रीय योजनांत परीक्षेचे गुण किंवा गुणानुक्रम पाहिला जातो आणि विषय नंतर ठरतो. ‘सेअर’च्या अर्जात मात्र हा प्रश्न कोणत्या शेतकऱ्याला भेडसावतो, तो शेतकरी प्रयोगात कोणत्या टप्प्यावर सहभागी आहे आणि निष्कर्ष त्याच्यापर्यंत कसे पोहोचणार, हे लिहून द्यावे लागते. शेतकऱ्याचा सहभाग तिथे शोभेचा परिच्छेद म्हणून चालत नाही. परीक्षेची तयारी खोलीत बसून होते. अशा अर्जाची तयारी करायची तर पेरणीच्या आधी गावात जाऊन बसावे लागते. ही सवय आपल्या विद्यार्थ्यांनीही, कोणी मागितली नसली तरी, लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण ज्या आराखड्यावर शेतकऱ्याने आधीच शंका घेतलेल्या असतात तो मुलाखतीतही तग धरतो. राज्यातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन महोत्सवात कृषी व पशुसंवर्धन हा गट असतो. तिथे अनुदान मिळत नसले तरी परक्या परीक्षकांसमोर आपला प्रश्न मांडण्याचा सराव होतो.

निवड करताना विषयाच्या गतीचाही विचार हवा. सेंद्रिय कर्बातील बदल फार संथ असतो आणि दोन हंगामांत दिसलेला फरक बऱ्याचदा नमुने घेण्यातल्या चुकीएवढाच असतो. ‘दोन वर्षांत कर्ब वाढवून दाखवू’ असे लिहिणारा प्रस्ताव जाणकार परीक्षक बाजूला ठेवतो. ज्याला हाच विषय करायचा आहे, त्याने उदरनिर्वाहासाठी अधिछात्रवृत्ती घ्यावी आणि प्रयोगासाठी विद्यापीठाच्या आधीपासून चालू असलेल्या दीर्घकालीन वाफ्यांचा आधार घ्यावा. अकोल्यात ज्वारी-गहू पीकपद्धतीवरील खत प्रयोग अनेक दशके चालू आहेत, आणि तिथे जुन्या नोंदी व नवे नमुने यांची सांगड घालता येते. उलट आंतरपीक, तण नियंत्रण, साठवणुकीतील नासाडी किंवा आहार सर्वेक्षण असे एकदोन हंगामांत उत्तर देणारे विषय छोट्या प्रकल्प अनुदानाला शोभतात.

म्हणून महाराष्ट्रात राहून पीएच.डी. करू इच्छिणाऱ्याला माझा सल्ला असा की, वय आणि गुण साथ देत असतील तर राष्ट्रीय परीक्षा आधी द्यावी, प्रवर्गाची राज्य अधिछात्रवृत्ती दुसरा आधार म्हणून ठेवावी, आणि ज्या मार्गदर्शकाकडे स्वतःच्या नावावर मंजूर झालेला प्रकल्प आहे, त्याच्याकडेच नोंदणी करावी. चाचण्यांचा खर्च त्या प्रकल्पातून निघतो. अमेरिकेत प्रवेश मिळालेल्याने पहिल्या सत्रातच आपल्या प्रदेशाचे ‘सेअर’ अनुदानासाठी अर्ज मागवणारे यंदाचे निवेदन प्रसिद्ध झाले आहे का ते पाहावे आणि मार्गदर्शकाशी बोलावे, कारण विद्यापीठाच्या कार्यालयाकडून अंदाजपत्रक मंजूर होऊन सही मिळायलाच काही आठवडे जातात.